चाळिसात न धरलेले रविवार

गेल्या वर्षी उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, माझी बायको फ्लोरी वारली. मी दूध आणायला खाली गेलो होतो. वर आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसली होती. डॉक्टर आले. म्हणाले, हृदय. मग त्यांनी विचारलं, "आधी काही दुखत होतं का?" मी म्हणालो, "नाही. काही बोलली नाही."

यंदा उपवासकाळ लवकर आला. महाशिवरात्र झाली आणि तिच्या मागोमाग राखेचा बुधवार. ईस्टरची तारीख चंद्रावरून ठरते, त्यामुळे त्याच्या आधीचे हे चाळीस दिवसही दर वर्षी पुढेमागे सरकतात. चर्चच्या पत्रकावर 'उपवासकाळ' छापलेलं असतं. घरात आम्ही नुसतं 'लेंट' म्हणायचो, आणि परळच्या आमच्या इमारतीतले शेजारी 'तुमचे उपास' म्हणायचे. तिन्ही शब्दांचा अर्थ व्यवहारात एकच. मटण-मच्छी बंद. वेदीवर फुलं नाहीत, जांभळं कापड. मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, आलेलुया हा जयघोष म्हणायचा नाही. ज्याला जे आवडतं ते त्याने स्वतःहून सोडायचं, आणि सोडलंय हे फारसं कुणाला सांगत फिरायचं नाही.

तारीख सरकते याचा मला या वर्षी त्रास झाला. फ्लोरी वारली ती तारीख अजून यायची आहे. यंदा ती गुड फ्रायडेला येते आणि त्या दिवशी मिस्सा नसते, म्हणून तिच्या वर्षाची मिस्सा ईस्टरनंतर सांगितलेली आहे, पावती कपाटात आहे. पण माझ्या मनाला तारीख कळत नाही. मनाला चौथा आठवडा कळतो. जांभळं कापड चढलं की मन मोजायला लागतं, पहिला रविवार, दुसरा रविवार. म्हणजे दर वर्षी ती माझ्यासाठी दोनदा जाणार, एकदा चंद्राप्रमाणे, एकदा कॅलेंडरप्रमाणे. कधी दोन आठवड्यांच्या अंतराने, कधी आधी, कधी नंतर.

या दिवसांना आमच्याकडे एक वास असतो, आणि त्याचा चर्चशी काही संबंध नाही. याच सुमाराला लालबागला मिरच्या येतात. मसाल्याच्या दुकानांपुढे लाल ढीग लागतात, मागे मसाला कुटणारे डंक चालू असतात, आणि पुलाच्या अलीकडे-पलीकडे माणसं रुमाल नाकाला लावून चालतात. वाऱ्याची दिशा बरोबर असली तर तो खाट, मिरचीचा तो झोंबरा वास, आमच्या बाराव्या मजल्यापर्यंत येतो. फ्लोरी वर्षाचा मसाला याच दिवसांत करायची. ज्यात घालायचा ते मटण ईस्टरपर्यंत शिजणार नसायचं, तरी मसाला मात्र उपासात. "आधी मसाला मुरू दे, मग मटण," म्हणायची. मसाल्याच्या बरोबरीने वर्षाची चिंचही यायची. वर्तमानपत्र पसरून ती चिंच फोडत बसायची, मीठ लावून गोळे बरणीत भरायची, आणि चिंचोके एका बाजूला साठायचे. दोन-तीन दिवस घरभर पायाखाली चिंचोके यायचे.

आता फ्लोरीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ती कुरकुरायची. भांडायची नाही, रागवायची नाही, कुरकुरायची. सुरुवात ठरलेली असायची, "मी काही म्हणत नाही, पण..." आणि मग जे काही म्हणायचं नसायचं ते सगळं यायचं. लिफ्ट अकराव्याला थांबते आणि बाराव्याला विसरते. कोथिंबीरवाला मुळं लांब ठेवून जुडी जड करतो. समोरचा टॉवर उभा राहिल्यापासून वारा तिकडेच वळतो. गायनवृंद इतकं संथ गातो की एका गाण्यात भात शिजावा. पास्कल चपला दारात काढतो त्या एकमेकींकडे पाठ करून. पास्कल म्हणजे मी. मी गिरगावातल्या एका ग्रंथालयात बत्तीस वर्षं काम केलं. तिथे भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती आणि लोक ती पाळायचे. घरी आलो की हा आवाज सुरू असायचा, आणि मी पुस्तक उघडायचो. मला तो आवाज नको होता असं नाही. पावसाळ्यात छपरावर पाऊस वाजत असावा तसं ते होतं. आपण घरात आहोत एवढं त्यातून कळायचं. प्रत्येक थेंब कुणी ऐकत नाही.

गेल्या वर्षी राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, तिने पॅनकेक केले होते. उपासाआधी घरातली अंडी, दूध, साखर संपवायची म्हणून आमच्यात त्या दिवशी पॅनकेक करतात. आत ओलं खोबरं आणि गूळ.

"या वर्षी तू काय सोडणार?" तिने विचारलं.

"साखर."

"साखर! ती तर डॉक्टरांनी केव्हाच सोडायला सांगितलीय. देवाला फसवतोस होय रे?"

"बरं, मग तू काय सोडणार?"

"मटण-मच्छी. आणि बुधवार-शुक्रवार एकवेळ."

"ते तर सगळेच सोडतात," मी म्हणालो. "तू कुरकूर सोडून दाखव."

हे मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हटलं. माझ्या आवाजात गंमत होती, नव्हती असं मी आजही म्हणणार नाही. तिने तव्यावरचा पॅनकेक उलटला.

"चाळीस दिवस?"

"चाळीस दिवस."

"सोडली," ती म्हणाली. "पण रविवार चाळिसात धरत नाहीत."

ते खरं आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर चाळिसाच्या वर दिवस भरतात. मधले रविवार वगळले की चाळीस होतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नसतो. जुनी माणसं हे कसोशीने पाळायची. माझे वडील लेंटमध्ये विडी सोडायचे आणि रविवारी सकाळी मिस्सेहून आल्यावर जिन्यात बसून एकामागून एक तीन ओढायचे. फ्लोरीने तोच नियम लावला. सोमवार ते शनिवार एक शब्द नाही. आठवड्याचं जे असेल ते रविवारी.

पण आठवडाभराचं लक्षात कसं राहणार? तर चिंचोके. प्रत्येक गिळलेल्या कुरकुरीमागे एक चिंचोका, ओट्यावरच्या स्टीलच्या वाटीत. रविवारी मिस्सेनंतर नाश्त्याला बसलं की ती वाटी पुढे घ्यायची, एकेक चिंचोका बाहेर काढायची आणि त्याची तक्रार सांगायची. कुठला चिंचोका कशाचा हे तिला कसं आठवायचं, देव जाणे. एकदा एक हातात धरून बराच वेळ आठवत बसली आणि म्हणाली, "हा कोणाचा होता? जाऊ दे, तुझाच असेल."

ते तीन आठवडे मला मजेचे वाटले. लिफ्ट अकराव्याला थांबली की ती ओठ आवळायची, माझ्याकडे बघायची, आणि घरात शिरल्याबरोबर पर्स खांद्यावर तशीच ठेवून वाटीकडे जायची. टक्. शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट असते. भिंतीवरच्या चौदा चित्रांपुढे थांबत, गुडघे टेकत, प्रार्थना म्हणत जायचं. पंखे मोजके, माणसं खूप. गायनवृंदाने प्रत्येक चित्राला एक कडवं लावलं, आणि कडवं त्यांच्या नेहमीच्या चालीने. घरी आल्यावर टक्, टक्, टक्. "तीन?" मी विचारलं. ती फक्त मान हलवून हसली. बोलता येत नव्हतं ना. शेजारच्या सावंत वहिनींना हे कळलं तेव्हा त्या दारातच बसून हसल्या. म्हणाल्या, "गो बाय माझे, आमच्या ह्यांका सांग असलो उपास. चाळीस नको, चारच दिवस."

घर मात्र बदललं होतं. मी वाचताना मध्येच वर बघायचो, कशाची तरी उणीव असल्यासारखा. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज यायचा, नळाचा यायचा, ती असायची, पण छपरावर पाऊस नव्हता. मी तिला एकदा म्हणालोही, "जरा काहीतरी बोल." ती म्हणाली, "बोलतेय की. आज भेंडी चांगली मिळाली." मला ते भेंडीचं वाक्य अजून ऐकू येतं.

ती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या डोक्यात एक गोष्ट शिरली आणि बसली. तिला दुखत असणार. एवढं मोठं काही एका सकाळी येत नाही. आणि ती बोलली नाही, कारण मी तिला बोलायचं नाही असं सांगितलं होतं.

मिस्सेचे कागद, स्मशानभूमीचे कागद, येणारी-जाणारी माणसं हे सगळं आटोपल्यावर मी ती वाटी शोधली. सोमवार, मंगळवार, बुधवार, असे तीन दिवस तिच्याकडे होते. त्यातले चिंचोके मला बघायचे होते. बघून काय कळणार होतं? चिंचोक्यावर काही लिहिलेलं नसतं. पण मला बघायचे होते. वाटी मांडणीत पालथी होती, घासलेली. सावंत वहिनींनी आणि इतर बायकांनी त्या दिवशी आमचं स्वयंपाकघर आवरलं होतं.

"वहिनी, या वाटीत चिंचोके होते."

"होते ना, चार-पाच. टाकले मी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "ठेवायचे होते काय भाऊ?"

"नाही, नाही. सहज विचारलं."

या बाईने आमच्या घरी सलग नऊ दिवस जेवण पाठवलं होतं. तिला मी काय सांगणार?

मग उरला शेवटचा रविवार. त्या रविवारी वाटी रिकामी झाली होती, म्हणजे त्या आठवड्याचं जे काही होतं ते सांगून झालं होतं. आणि मी त्या टेबलाशी होतो. तो दिवस मला बऱ्यापैकी आठवतो. उपवासकाळाचा चौथा रविवार हा आमच्याकडे जरा मोकळा असतो. निम्मी वाट सरली म्हणून त्या दिवशी वेदीवर फुलं चालतात आणि फादर जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालतात. त्यात गेल्या वर्षी तो रविवार नेमका गुढीपाडव्याला आला होता. गिरगावात सकाळपासून शोभायात्रेचे ढोल. फ्लोरीची धाकटी बहीण रीटा ठाकूरद्वारला राहते. तिचं डोकं ढोलांनी दुखतं, म्हणून ती रस्ते बंद व्हायच्या आधीच टॅक्सी करून आमच्याकडे आली. मिस्सेला आम्ही तिघं बरोबर गेलो. परत आलो तर सावंत वहिनींकडून श्रीखंडाचा डबा आला होता. माझा साखरेचा उपास, पण रविवार होता, मी खाल्लं. इथपर्यंत सगळं लख्ख आहे.

मग फ्लोरीने वाटी घेतली. पहिला चिंचोका गुलाबी झग्याचा होता, तो ताजा, मिस्सेहून आल्याबरोबर टाकलेला. "मी काही म्हणत नाही, पण तो गुलाबी आहे का? मांडवाचं कापड वाटतं." रीटा हसली. मी हसलो. मग लिफ्ट आली. मग दुधाची पिशवी गळते ते आलं. मग मी पुस्तक उघडलं. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात परत करायचं होतं आणि वीसेक पानं राहिली होती. त्या वीस पानांतलं मला पुष्कळ आठवतं, माणसांची नावंसुद्धा. टेबलाच्या पलीकडून येत राहिलेलं मात्र आठवत नाही. आवाज आठवतो. स्टीलच्या ताटलीवर एकेक चिंचोका ठेवल्याचा आवाजही आठवतो. शब्द नाहीत.

वर्षभर मी ते शब्द शोधले. कधी बसमध्ये, कधी केस कापून घेताना, कधी मिस्सेत प्रवचन चालू असताना. मधूनच एखादं सापडल्यासारखं वाटायचं, "पंख्याला तेल", "त्या बाईची छत्री", पण ते त्याच रविवारचं की आधीच्या एखाद्या, हे ठरवता यायचं नाही. रीटाला विचारता आलं असतं. ग्रंथालयातून निवृत्त झालो तरी आठवड्यातून दोन दिवस मी तिथे जातो, यादी करायला मदत करतो. तिथून रीटाचं घर चालत सात मिनिटांवर आहे. मी गेलो नाही. तीही परळला आली नाही. गुडघ्यांमुळे येत नसेल, असं मी लोकांना सांगायचो. आतून मला वाटायचं की तिला मंगळवारची गंमत माहीत आहे आणि तिने मनात मला दोषी ठरवलं आहे. फ्लोरीने तिला सांगितलंच असणार, "भाऊजींनी तुझ्या मला गप्प बसवलंय."

यंदाच्या राखेच्या बुधवारी मी रांगेत उभा राहिलो. फादरांनी अंगठ्याने कपाळावर राखेचा क्रूस काढला आणि म्हणाले, "मानवा, तू माती आहेस आणि मातीला मिळशील." दर वर्षी हेच म्हणतात. तशीच राख घेऊन मी बसने गिरगावला गेलो. कंडक्टर म्हणाला, "काका, कपाळाला काहीतरी लागलंय." मी म्हणालो, "असू दे, आज लावायचंच असतं." त्याने तिकीट दिलं आणि विचारलं, "आणि मग पुसायचं कधी?"  ते आपोआप जातं, एवढं म्हणालो.

काय सोडायचं हे मला यंदा ठरवता आलं नाही. सोडण्यासारखं काही हाताशीच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात मी पापनिवेदनाला गेलो. आमचे हे फादर तरुण आहेत, वसईकडचे. जाळीपलीकडून ते थोडं पुढे वाकले.

"फादर, मी माझ्या बायकोला बोलू दिलं नाही," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. मंगळवार, पॅनकेक, चिंचोके.

त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग म्हणाले, "तुम्ही ते गमतीने म्हणालात."

"हो."

"त्या ते गमतीने करत होत्या."

"हो, तसं."

"आणि रविवारी त्या बोलत होत्या."

"बोलत होती. मी ऐकलं नाही. ती दुखण्याचं बोलली की नाही तेच मला माहीत नाही."

फादरांनी विचारलं, "घरात आणखी कोणी होतं?"

"तिची बहीण."

"मग माझ्याकडे काय येता?" ते म्हणाले. आवाज मऊ होता, पण वाक्य तसंच होतं. "तिकडे जा."

मी लगेच गेलो नाही. तिसरा रविवार गेला. चौथ्या रविवारी फादर गुलाबी झग्यात आले, तोच झगा, वेदीवर निशिगंध होता, आणि माझ्या शेजारची बाकावरची जागा कोणीतरी पर्स ठेवून अडवली होती. मिस्सा संपल्यावर मी घरी न जाता तसाच बसमध्ये बसलो. पाडवा यंदा चार दिवसांनी होता. ठाकूरद्वारला दुकानांपुढे गुढीच्या काठ्या आणि साखरेच्या गाठी लागल्या होत्या. रीटाची वाडी आत आहे. लाकडी जिना, पहिला मजला. रीटा मुलींच्या शाळेत शिक्षिका होती, लग्न केलं नाही, आई-वडिलांच्याच खोल्यांत राहते.

"कोण?"

"मी, पास्कल."

दार उघडायला वेळ लागला.

"या भाऊजी. आज वाट चुकलात वाटतं."

"चुकलो नाही. तुझ्याकडेच आलो."

"आठवड्यातून दोनदा इथे येऊन जाता. मी तुम्हाला बसस्टॉपवर बघितलंय. एकदा हाक मारणार होते."

"मग?"

"मग बस आली." तिने खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली. "इथे बसा. पंखा इथेच लागतो."

तिने कोकम सरबत आणलं. आम्ही थोडा वेळ तिच्या गुडघ्यांबद्दल बोललो, वाडीच्या पुनर्विकासाबद्दल बोललो, सही करायची की नाही वगैरे. तिचा आवाज फ्लोरीसारखा आहे, फक्त एक पट्टी वर. मी पेला खाली ठेवला.

"रीटा, मागच्या वर्षीचा हा रविवार. चिंचोक्यांचा. ती काय काय म्हणाली ते तुला आठवतं?"

तिने कोणता रविवार, कसले चिंचोके, असं काही विचारलं नाही. ती सरळ सांगायला लागली, शाळेत हजेरी घ्यावी तशी. गुलाबी झगा. लिफ्ट. दुधाची पिशवी. वरच्या मजल्यावरून ठिबकणारे कपडे. क्रुसाच्या वाटेला पुढे बसून मोबाईल बघणारी ती बाई. हिंदमाताला घेतलेल्या साडीचा फॉल पहिल्याच धुण्यात आकसला. मिरचीवाल्याने बेडगी म्हणून दुसरीच दिली. आणि भाऊजी बाथरूमचा दिवा बंद करत नाहीत. एकेक नाव येत होतं तसा मला तो आवाज पुन्हा ऐकू येत होता. मी तिथे होतो, हे सगळं माझ्या समोर झालं होतं, आणि मी ते आज पहिल्यांदा ऐकत होतो.

रीटा थांबली.

"आणि खांदा," ती म्हणाली.

"खांदा?"

"तुम्हाला माहीत आहे."

"नाही, मला माहीत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. "म्हणाली, डाव्या खांद्यात कळ येते, दोन-तीनदा आली, जिना चढताना. लिफ्ट बंद होती त्या दिवशी. मी म्हटलं, ताई, दोन-दोन पिशव्या उचलून लालबागहून चालत येतेस, कळ येणार नाही तर काय होणार? बाम लाव. ती म्हणाली, लावते. आणि चिंचोका बाजूला ठेवला." तिने चष्मा काढून गाऊनच्या कडेने पुसला. "मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, भाऊजी. मुलींना प्रथमोपचार शिकवले. डावा खांदा म्हटल्यावर मला कळायला नको?"

"मी कुठे होतो?"

"समोरच. वाचत होता. ताईने विचारलं तुम्हाला, ऐकतोयस का रे?"

"मग?"

"तुम्ही 'हं' म्हणालात."

खाली वाडीत कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मी तो आवाज ऐकत बसलो. मला वाटलं होतं की हे कळलं तर मला काहीतरी होईल. काही झालं नाही. हातात पेला होता, तो गार होता.

"मला वाटलं तुम्ही ऐकलंत," रीटा म्हणाली. "मला वाटलं, मी तिला बाम लाव म्हणाले म्हणून तुम्ही माझं तोंड बघत नाही. म्हणून मी आले नाही."

"मला वाटलं, मी तिला गप्प बसवलं म्हणून तू येत नाहीस."

"तुम्ही? तिला?" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की मीच दचकलो. "ताईला कोणी गप्प बसवलंय आजवर? बाबांना जमलं नाही. नन्सना जमलं नाही. मजा येत होती तिला. आठवडाभर साठवते आणि रविवारी एकदम फोडते, म्हणायची. तुम्ही कोण गप्प बसवणार?"

मी सबंध वर्ष ज्या गोष्टीच्या ओझ्याखाली चाललो होतो ती एवढ्या चार वाक्यांत गेली. फ्लोरी बोलली होती. तिच्या नियमाप्रमाणे, तिच्या दिवशी, दोन माणसांसमोर, स्वच्छ शब्दांत बोलली होती. माझ्या गमतीने तिचं तोंड बंद झालं नव्हतं. डॉक्टरांना मी जे सांगितलं ते खोटं होतं, एवढंच. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी त्या जागी दुसरं काहीतरी येऊन बसलं. ते आधीच्यापेक्षा लहान आहे, पण ते खरं आहे. आधीचं मी कल्पनेने रचलेलं होतं, त्याच्याशी वाद घालता यायचा. याच्याशी घालता येत नाही. "हं" म्हणालो, तर म्हणालो.

"मी ऐकलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं," मी रीटाला म्हणालो. "बाम लाव."

"नसतं म्हटलंत. तुम्ही 'हं' म्हटलं असतं."

"म्हटलंच की."

ती हसली. मग मीही हसलो. मग ती उठून आत गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला. मी आत गेलो नाही. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि हातात बोंबलांचं ताट होतं, मीठ-हळद लावलेले.

"जेवूनच जा. रविवार आहे, बोंबील चालतात."

"मी सोडलंच नाही काही या वर्षी."

"मीही नाही," ती म्हणाली. "काय सोडायचं राहिलंय?"

तिने बोंबील तळले. भात होता, चिंचेचं सार होतं. जेवताना ती वाडीतल्या लोकांबद्दल तक्रारी करत होती, बिल्डरबद्दल, पाण्याच्या वेळेबद्दल, आणि मी खाली न बघता ऐकत होतो. मध्येच ती थांबून म्हणाली, "असे टक लावून काय बघता? घास घ्या." मला ऐकण्याचा सराव नाही. पुष्कळ वेळा ऐकता ऐकता मी ऐकतोय हेच आठवतं आणि पुढचं वाक्य निसटतं. साठ वर्षांच्या पुढे हे शिकायला घेणं म्हणजे फार उशिराच. पण त्या दुपारी तिने सांगितलेलं बरंचसं माझ्या लक्षात आहे.

निघताना तिने जिन्यातला दिवा लावला, दुपार असूनही. तो जिना अंधाराच आहे.

"भाऊजी, हे कोणाला सांगू नका."

"कोणाला सांगणार?"

तिने मान हलवली. आम्हाला मूलबाळ नाही, तिलाही नाही. दोघी बहिणींचे आई-वडील गेले, माझे गेले. सावंत वहिनींना सांगितलं तर त्या रडतील आणि त्या चिंचोक्यांचं मनाला लावून घेतील. फादरांना मी जाऊन एवढंच सांगितलं की विचारलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

उपवासकाळ अजून चालू आहे. वेदीवर पुन्हा जांभळं कापड आहे. पुढच्या रविवारी झावळ्या वाटतील, मग पवित्र आठवडा, मग ईस्टर. पवित्र आठवड्यातच, गुड फ्रायडेला, ती तारीख येईल. फ्लोरीच्या डाव्या खांद्यात कळ येत होती, हे आता जगात दोन माणसांना माहीत आहे. एक ठाकूरद्वारला राहतं, एक परळला.